मधल्या दराची झोपडी

मध्यमवर्गीय माणसाचे आणि मधल्या दराचे काही पूर्वजन्मीचे नाते असावे. कापडवाल्याने तीन ताके पुढे उलगडले, की आमचा हात न चुकता मधल्या ताक्यावर जातो. स्वस्तातला उचलला तर दुकानदार मनात काय म्हणेल, ही भीती. महागातला उचलला तर महिनाअखेरचा हिशेब काय म्हणेल, ही त्याहून मोठी भीती. या दोन भीतींच्या मधोमध जी अरुंद पाऊलवाट जाते, तिच्यावरून आम्ही जन्मभर चालत असतो आणि या चालण्याला ‘तारतम्य’ असे भारदस्त नाव देत असतो. गेल्या हिवाळ्यात जैसलमेरला जाण्याचे ठरले, तेव्हा उतरायचे कोठे हा प्रश्नही आम्ही या तारतम्यानेच सोडविला.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर सम म्हणून गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांच्या कडेला तंबूंची वसाहत वसलेली असते. काही तंबूंत पलंग, गालिचे व स्नानगृहे असून रात्री दिव्यांच्या झगमगाटात नाचगाणे होते. दुसऱ्या टोकाला, अंगणातली एक खाट व दोन गोधड्या एवढ्यावर रात्र काढू देणारी घरेही त्या मुलखात आहेत. आम्हाला यांतले काहीच नको होते. खुडी गावाजवळ मातीच्या गोल झोपड्यांची एक साधी वस्ती पाहुण्यांसाठी बांधलेली आहे, असे कळले. दर पाहिला. तो बरोबर मधला होता. मी तत्काळ जागा राखून ठेवली.

आम्ही मरुभूमीत उंटावर बसायला जात नव्हतो. मला माळढोक पाहायचा होता. हे ऐकून पत्नी म्हणाली, “अहो, सोलापूरच्या माणसाने माळढोक पाहायला जैसलमेरला जायचे, म्हणजे पंढरपूरच्या माणसाने विठोबा पाहायला काशीला जाण्यासारखेच झाले की!”

ती हे थट्टेने म्हणाली. पण थट्टेच्या पोटात काटा होता. माझे बालपण उत्तर सोलापूर तालुक्यातल्या माळांच्या सान्निध्यात गेले. तेथील नान्नज या गावाचे नाव माळढोकामुळे देशभर झाले आणि १९७९ साली तो सगळा प्रदेश माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. परंतु अभयारण्य राहिले आणि पक्षी गेला. अलीकडे तेथे एखाद-दुसराच माळढोक दिसल्याची बातमी येते, आणि तीही क्वचित. १९६९ साली साऱ्या देशात सुमारे १२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आता तो दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आला आहे, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. तेव्हा विठोबा खरोखरच काशीला गेला होता. दर्शन घ्यायचे तर तेथेच जाणे प्राप्त होते.

माझे वडील मोजणी खात्यात होते. डोक्याला काळी टोपी, खांद्यावर उपरणे आणि मागे साखळी वाहणारे दोन गडी, असा त्यांचा थाट असे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा सुट्टीत ते मला आपल्याबरोबर माळावर घेऊन गेले. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. वडिलांनी एकाएकी हात वर करून साखळी थांबविली. दूर गवतात एक मोठा पक्षी गळ्याखाली पांढरी पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटे टाकून उभा होता. मधूनच त्याच्या गळ्यातून घुमल्यासारखा खोल आवाज येई. आम्ही किती वेळ पाहत होतो ते मला आठवत नाही. एवढे आठवते की, पक्षी गवतात दिसेनासा झाल्यावर वडिलांनी वही उघडली, गुडघ्यावर ठेवली आणि त्या जमिनीपुढे आपल्या वळणदार मोडीशिक्षित अक्षरात एक शब्द लिहिला. मी वाचून विचारले, “दादा, पोटखराबा म्हणजे काय?” ते म्हणाले, “ज्या जमिनीत काही पिकत नाही ती.”

हा शब्द डोक्यात घेऊनच मी जैसलमेरच्या स्टेशनावर उतरलो, असे म्हटले तरी चालेल.

शहर सोडले, की पिवळ्या दगडांची घरे मागे पडतात आणि जमीन एकदम मोकळी होते. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, ही आपली समजूत चित्रांवरून झालेली आहे. वस्तुतः या भागात वाळूच्या टेकड्यांपेक्षा दगडगोट्यांचे व गवताचे माळच अधिक. सेवण नावाचे गवत, आकाची म्हणजे आपल्या रुईची झुडपे, केराची पर्णहीन जाळी, मधूनच एखादी खेजडी. वर्षाकाठी येथे दोनशे मिलिमीटरांच्या आतबाहेरच पाऊस होतो. पाहता पाहता मला घरी आल्यासारखे वाटू लागले. हा आमचाच माळ होता. फक्त अधिक तहानलेला.

या भूमीला राष्ट्रीय मरु उद्यान म्हणतात. जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचा विस्तार ३१६२ चौरस किलोमीटर आहे. मौज अशी की, नावाने ते राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याच्या दृष्टीने १९८० सालापासून ते अभयारण्यच आहे. त्यात गावे आहेत, ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत. नाव एक आणि कागद दुसरेच सांगतो. मोजणीदाराच्या मुलाला याचे नवल वाटायला नको होते.

आमची झोपडी पाहताच पत्नीचा चेहरा जरा उतरला. भिंती माती व शेण यांनी सारवलेल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाची नक्षी. वर खिंपाच्या काड्यांनी शाकारलेले टोकदार छप्पर. आत दोन खाटा, एक कोनाडा, एक दिवा. मागे लहानसे स्नानगृह होते खरे, पण नळ सकाळी थोडा वेळच वाहील असे सांगण्यात आले. “मधल्या दरात एवढेच का?” असा प्रश्न तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आला. मी न वाचल्यासारखे केले.

इतक्यात मालक आले. सत्तरीच्या पलीकडचे, ताठ कण्याचे, मोठ्या मिशांचे गृहस्थ. वस्तीवरची लहानथोर सर्व त्यांना ‘बासा’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. दोन्ही हात जोडून “खम्मा घणी” म्हणून झाल्यावर ते नातवाला म्हणाले की, पावण्यांना पाणी दे. ‘पावणा’ हा शब्द कानी पडताच पत्नीने माझ्याकडे पाहिले. आमच्या सोलापूरकडेही ‘पावणं’च म्हणतात. शिवाय त्यांनी तिला ‘बाईसा’ म्हणून हाक मारली. त्या घरात लेकीबाळींना अशी हाक मारतात, हे कळल्यावर झोपडीच्या भिंती तिला एकदम बऱ्या दिसू लागल्या असाव्यात. कारण दराविषयीचा तो प्रश्न तिच्या डोळ्यांत मला पुन्हा दिसला नाही.

दिवसभराची धूळ अंगावर बसली होती. सुनेने चुलीवर तापविलेल्या पाण्याची एक बादली दारात आणून ठेवली. मी ती मोठ्या आनंदाने अंगावर ओतली आणि, दाढीला साबण लावलेला असताना, आतूनच आणखी एका बादलीसाठी हाक दिली. बाहेर क्षणभर काही बोलणे झाले. मग नातू दुसरी बादली घेऊन आला. मुलगा दहाएक वर्षांचा असेल. बादली त्याने थेंबही न सांडता आणली, एवढे माझ्या लक्षात आले. त्याचे कारण लक्षात आले नाही.

रात्री अंगणात शेकोटीजवळ पाने वाढली. बाजरीची जाड भाकरी, तिला तेथे सोगरा म्हणतात. तिच्यावर तूप, बरोबर लसणाची चटणी, कढी आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळविलेल्या शेंगा. ही खेजडी म्हणजे आपली शमी होय, असे मी सांगताच पत्नी दचकली. “म्हणजे दसऱ्याला जिची पूजा करतो तीच?” तीच. पांडवांनी जिच्या ढोलीत शस्त्रे लपविली म्हणतात, तीच. आम्ही वर्षातून एकदा तिला हळदकुंकू वाहून मोकळे होतो. येथे तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना आणि सावली सर्वांनाच. आणि तिच्याखाली पेरलेली बाजरीही चांगली येते, असे बासा सांगत होते. पूजेची गरज तिला येथे फारशी भासत नसावी.

जेवणानंतर अंगणातला दिवा मालवला, तेव्हा अंधार एखाद्या वस्तूसारखा अंगाला लागला. आकाशात इतक्या तारका मी लहानपणानंतर पाहिल्या नव्हत्या. थंडी कडाक्याची होती, तरी आम्ही घोंगडी पांघरून बाहेर बसलो. काही वेळाने क्षितिजावर लाल ठिपके दिसू लागले. ते एकदम उजळत आणि एकदम मालवत. मला आधी ते एखाद्या मोठ्या गावाचे दिवे वाटले. बासांचा मुलगा म्हणाला, “त्या पवनचक्क्या, हुकम. पलीकडे सूर्याच्या विजेची शेते आहेत.”

पवनचक्क्यांविषयी माझ्या मनात आदरच होता व आहे. कोळशाचा धूर न काढता मिळणारी वीज कोणाला नको आहे? परंतु ती वीज शहरापर्यंत न्यायला तारा लागतात, आणि तारांचे माळढोकाशी हाडवैर आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. चहूकडून येणारा शत्रू त्याला दिसतो. पण नाकासमोरची बारीक तार दिसत नाही. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. इतके जड शरीर उडत असताना आयत्या वेळी वळविता येत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि पिल्लू एकटीच वाढविते. ज्याची वाढ इतकी सावकाश, त्याच्या वंशाला वर्षाकाठी थोडे अपघातही पुरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या भागातल्या तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. पुढे २०२४ साली तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. समजवेल एवढे मी पत्नीला समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्या घरातला गिझर मात्र आपण बंद करणार नाही.” यावर उत्तर नव्हते. शिवाय त्या संध्याकाळच्या दोन बादल्या माझ्या अंगावर अजून उबदार होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बासांचा मुलगा आम्हाला जीपमधून सुदासरीकडे घेऊन गेला. उद्यानाचा हा भाग कुंपण घालून राखलेला आहे; माळढोक येथे विणीसाठी येतात. वनखात्याचा एक रक्षक आमच्याबरोबर चालू लागला. धुके विरळ होत होते. चिंकारांची जोडी दिसली. एक वाळवंटी कोल्हा आमच्याकडे वळून पाहत निवांत निघून गेला. खेजडीवर गिधाडे पंख उघडून ऊन खात बसली होती. तास गेला, दीड तास गेला. मी दुर्बीण डोळ्यांना लावून सारे क्षितिज धुंडाळत होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला माणूस जे दिसेल ते पक्षीच समजतो; मी दोन झुडपे व एक दगड यांना माळढोक ठरवून चुकलो होतो.

“अहो, ते काय आहे?” पत्नी हळूच म्हणाली. तिच्याजवळ दुर्बीण नव्हती.

सेवण गवतात, बरेच लांब, एक उंच पक्षी उभा होता. पांढरट मान सरळ, पाठ मातीच्या रंगाची, डोक्यावर काळी टोपी. मग तो चालू लागला. चार पावले टाकी, थांबे, मान वळवून पाही, पुन्हा चार पावले टाकी. एखादा जुना मोजणीदार जमीन मोजीत निघाला आहे, असे मला वाटले. आणि तसे वाटताक्षणी दुर्बिणीची काच धूसर झाली. मी ती पुसली, पण दोष काचेचा नव्हता. पत्नीने माझ्या हातातून दुर्बीण घेतली व काही न बोलता पाहत राहिली. दहा मिनिटे असतील. पक्षी एका उंचवट्यामागे गेला आणि पुन्हा दिसला नाही.

रक्षक सांगत होता की, समजवळच्या केंद्रात २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढविली जातात, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लूही जन्माला आले. त्याच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो रास्तही होता. “मग ही पिल्ले पुढे कोठे सोडणार?” पत्नीने विचारले. त्याने हात पुढे करून समोरचा माळ दाखविला. “येथे. हा राहिला तर.”

त्या रात्री शेकोटीजवळ मी बासांना वडिलांची हकिकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी ओरणाची गोष्ट काढली. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आपल्याकडे देवराई असते तसेच. फरक इतकाच की, देवराई घनदाट असते आणि ओरण म्हणजे बहुधा गवत व तुरळक झाडे. गावची गुरे त्यात चरतात. पण झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. “माझे आजोबा म्हणत, ओरणातली वाळकी काडीसुद्धा देवीची,” बासा म्हणाले. “आमच्या छपराला जे खिंप लागते, ते आम्ही आमच्या शेताच्या बांधावरून आणतो.”

“आणि कागदावर?” मी विचारले. “कागदावर ओरण काय म्हणून आहे?”

ते हसले. “कागदावर? बंजर.”

अनेक ओरणांची स्थिती अशीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रान सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदले गेलेले असते, आणि पडीक जमीन कोणाला तरी देऊन टाकण्यास फारसा विचार करावा लागत नाही. तेथे तारांचे खांब उभे राहतात, काचांची शेते पसरतात. गावकरी निवेदने देतात, ओरणांसाठी पायी यात्रा काढतात. त्यांचे म्हणणे इतकेच असते की, हा शब्द बदला.

मी गप्प राहिलो. कारण वडिलांची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी माझी होती. मी नोकरीची बरीच वर्षे एका बँकेत शेतीकर्जाच्या टेबलाशी काढली. उजनी धरणाचे पाणी जिल्ह्यात खेळू लागले होते, विहिरी खोल जात होत्या, आणि माळ सपाट करून लागवडीखाली आणण्यासाठी कर्जमागणीचे अर्ज माझ्यापुढे येत होते. अर्जातल्या ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात मी कितीदा तरी लिहिले असेल, ‘पडीक जमीन सुधारणे’. ज्यांना ती कर्जे मिळाली, त्यांच्या मुली शिकल्या, घरांवर पत्र्यांऐवजी सिमेंटची छते आली. त्याचे मला दुःख नाही. ती माणसे भुकेली होती, आणि भुकेल्या माणसाला पक्षी दाखवून परत पाठविण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु एकाही अर्जावर सही करताना, त्या जमिनीत आधीच काही पिकत असेल, असा प्रश्न मला पडला नाही. वडिलांनी निदान पक्षी पाहून मग शब्द लिहिला होता. मी जमीन न पाहताच लिहिला.

पत्नी मात्र त्या रात्री शेकोटीजवळ नव्हती. ती स्वयंपाकघरात सुनांशी गप्पा मारीत बसली होती. भाषा अर्धी कळत होती, उरलेली अर्धी बायकांना कळण्याची गरज नसते. झोपडीत परत आल्यावर तिने दार लावले आणि खाटेवर बसून म्हणाली, “काल तुम्ही दुसरी बादली मागितलीत ना?”

“हो. का बरे?”

“पाण्याचा टँकर चार दिवस आला नव्हता. टाक्यात पाणी तळाला गेले आहे. ती बादली सुनांच्या न्हाण्यासाठी काढून ठेवलेली होती. दोघींनी न्हाणे पुढे ढकलले.”

“मग मला सांगायचे नाही का कोणी?”

“मीही तेच विचारले. धाकटी म्हणाली, पावण्याला पाणी नाही म्हणायचे नसते.”

मला बराच वेळ झोप आली नाही. मधला दर दिला म्हणजे मधल्या मापाचे सुख आपल्या नावावर जमा झाले, असा माझा हिशेब होता. खाट मिळाली, भाजी मिळाली, बादलीही मिळालीच पाहिजे. दरपत्रकात पाण्याच्या मापाचा रकाना नव्हता, म्हणून पाणी अमर्याद आहे असे मी धरून चाललो. जे कागदावर लिहिलेले नाही ते अस्तित्वातच नाही, ही खोड वंशपरंपरेने माझ्याकडे आली होती. बाहेर क्षितिजावरचे लाल ठिपके उजळत होते, मालवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बादली दारात आली. मी आणि पत्नीने ती वाटून घेतली. तोंड, हातपाय आणि एकेक तांब्या अंगावर. पुरली. नुसती पुरली नाही, तळाशी चार तांबे उरले. ते मी सांडून न देता बादलीसकट स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवले. थोरल्या सुनेने पदराआडून बादलीत पाहिले आणि ते पाणी उचलून शेळीच्या करडापुढे ठेवले. तिने काही म्हटले नाही. मीही नाही.

निघताना बासांनी पाहुण्यांची वही पुढे केली. नाव, गाव, किती दिवस मुक्काम, आणि शेवटी ‘अभिप्राय’ असा मोठा रकाना. आधीच्या पाहुण्यांनी तो नाना भाषांत भरून काढला होता. कोणी ताऱ्यांची स्तुती केली होती, कोणी सोगऱ्याची. एकाने गरम पाण्याची सोय अधिक चांगली हवी होती, असे स्पष्ट लिहिले होते. दोन दिवसांपूर्वी मीही कदाचित तेच लिहिले असते. आता लेखणी हातात घेऊन मी रिकाम्या रकान्याकडे पाहत बसलो. वडिलांची वही, तो वळणदार शब्द, माझ्या टेबलावरचे अर्ज, सारे त्या चौकोनात येऊन उभे राहिले. या घराण्याने रकाने भरण्यात पुष्कळ घाई केली होती.

“लिहा ना काही तरी, बासा वाट पाहत आहेत,” पत्नी म्हणाली.

मी लिहिले, ‘माळढोक दिसला. पाणी पुरले.’

बासांनी चष्मा लावला. लिपी देवनागरी असल्यामुळे त्यांनी ती दोन वाक्ये हळूहळू, एकेक अक्षर जुळवीत वाचली. ‘पुरले’ या शब्दाशी ते जरा थांबले. मग नातवाला म्हणाले की, पावण्यांच्या बाटल्या भरून दे, वाट लांबची आहे.

नातू बाटल्या घेऊन धावला. मी त्याला हाक मारून सांगितले, “एकच भर, बाळा. आम्हाला एक पुष्कळ होईल.”